वजाचं चिन्ह कुणाचं

यू चिन-थू सरांनी बेइगांग गावात चौतीस वर्षं अबॅकसचा वर्ग चालवला. देवळामागच्या गल्लीत तिळाच्या तेलाचं दुकान होतं, त्याच्या माडीवर. मी सात वर्षांची असताना तिथे जायला लागले आणि पाच वर्षं गेले. घरी आले की आई माझ्या केसांचा वास घ्यायची आणि म्हणायची, "आज शिकलीस की तळून आलीस?" सर उभे राहून आकडे सांगायचे, अधिक चारशे सतरा, अधिक नव्वद, वजा तीनशे आठ, आणि चाळीस जणांचे मणी एकदम खडखडायचे. उत्तर सगळ्यांचं एकच यायला हवं. ज्याचं वेगळं येईल त्याने उभं राहायचं. सर रागावत नसत, मारत तर मुळीच नसत. नुसते बघत. ते जास्त लागायचं.

आठ वर्षांपूर्वी तो वर्ग बंद पडला. शेवटी दोन बहिणी उरल्या होत्या. त्यांचे आईवडील ताइचुंगला राहायला गेले आणि सरांनी माडीची किल्ली तेलवाल्याला परत दिली. मग ते सकाळी नदीच्या बांधावर फिरायला जायला लागले. वाटेत उभ्या असलेल्या मोटारींच्या नंबरपाट्या वाचायच्या आणि आकड्यांचे गुणाकार करायचे, हा त्यांचा चाळा. त्यांची बायको मेइ-यिन ज्येष्ठांच्या गाण्याच्या मंडळात होती. ती त्यांनाही ओढून न्यायची, पण ते मागच्या खुर्चीवर बसून ठेक्यावर पाढे म्हणतात अशी तिची तक्रार होती.

मी आता गावातल्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. यंदा सातवीला गणित शिकवणाऱ्या लाइ बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली शिक्षक मिळता मिळेना. शेवटी शिए नावाचा एक तरुण मिळाला, तोही आठवड्यातले तीनच दिवस. उरलेले दोन दिवस तो दुसऱ्या गावी शिकवायचा आणि साडेतीनची बस चुकली की त्याचं सगळंच चुकायचं. त्यामुळे आठव्या तासाला कच्च्या मुलांकडून सराव करून घ्यायला कुणी उरलं नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "को बाई, तुमचे ते अबॅकसवाले सर अजून बांधावर फिरतात ना? विचारून तर बघा."

मी गेले तेव्हा सर अंगणात उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"घातांक म्हणजे एकच आकडा पुन्हा पुन्हा गुणायचा, तेच ना?" त्यांनी विचारलं.

"तेच, सर. सरावाची पानं शिए सर काढून ठेवणार. तुम्ही फक्त मुलांकडून सोडवून घ्यायची."

"एवढंच?"

"एवढंच."

आतून मेइ-यिनकाकू म्हणाल्या, "ने गं बाई त्याला. लोकांच्या गाड्यांना तरी सुख लागेल."

दुसऱ्या दिवशी सर कोट घालून आले. ऑक्टोबर होता, उकडत होतं, तरी कोट. सात मुलं होती. मी कार्यालयाच्या खिडकीतून बघत होते, कारण ती खोली समोरच आहे आणि खरं सांगायचं तर मला काळजी वाटत होती. पहिलाच प्रश्न दोनचा तिसरा घात. सातांपैकी पाच जणांनी सहा लिहिलं.

"सहा कसे?" सरांनी विचारलं.

कुआन-लिन नावाचा एक बोलका मुलगा होता. तो म्हणाला, "दोन आणि वर बारीक तीन. दोन त्रिक सहा, आजोबा. म्हणजे, सर."

"वरचा तीन गुणायला आलेला नाही. तो मोजायला आलाय. दोन किती वेळा लिहायचा ते सांगतो. लिही, दोन. परत लिही. परत. आता गुण."

"आठ."

"मग सहा कुठून आले?"

"ते मगाशी आले होते," कुआन-लिन म्हणाला, आणि सगळी हसली. सरही हसले. मग कुणीतरी विचारलं की सातचा पाचवा घात किती, आणि सरांनी उजव्या हाताची बोटं टेबलावर जराशी हलवून सांगितलं, "सोळा हजार आठशे सात." मुलांनी कागदावर करून बघितलं. दहा मिनिटं लागली. बरोबर निघालं. त्या दिवसापासून त्यांच्यामागे मुलं घातांकाचे आकडे फेकत कॉरिडॉरमध्ये चालायला लागली, आणि सरांच्या कोटाची इस्त्री जरा जास्तच कडक दिसायला लागली.

दोन आठवडे असं छान चाललं. मग पाचवं पान आलं.

त्या पानावर पहिल्यांदाच वजाचं चिन्ह होतं. पहिली तीन उदाहरणं अशी: आधी वजाचं चिन्ह, मग तीन, आणि तीनच्या डोक्यावर बारीक दोन. तसंच वजा, दोन, डोक्यावर चार. तसंच वजा, पाच, डोक्यावर दोन. कंस कुठेच नाही. सरांनी फळ्यावर सांगितलं की वजा गुणिले वजा अधिक होतं, म्हणून नऊ, सोळा, पंचवीस. सहा मुलांनी तसं लिहिलं. एका मुलीने वजा नऊ, वजा सोळा, वजा पंचवीस लिहिलं.

तिचं नाव कुओ फिन-शुआन. शेवटच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर असायचे, महिनोन् महिने घरी नाहीत. आई तुयेत व्हिएतनामहून लग्न करून इथे आलेली, बाजाराच्या तोंडाशी तांदळाच्या शेवयांच्या सूपची गाडी चालवायची.

सर तिच्या बाकापाशी गेले. तिन्ही उत्तरांवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "फिन-शुआन, वजा उरलं कसं? बरोबर उत्तर दहा दहा वेळा लिही, म्हणजे हाताला कळेल." तिने मान हलवली आणि तीस ओळी लिहून दिल्या. अक्षर सुरेख होतं. सरांनी ते पान मला मुद्दाम दाखवलं होतं. "बघ, मुलगी कष्टाळू आहे," असं म्हणाले होते.

शुक्रवारी शिए सरांनी उत्तरांचं पान माझ्याकडे ठेवलं. यू सर ते न्यायला आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. मग बसले.

"आ-हुई," ते मला अजून लहानपणीच्याच नावाने हाक मारतात, "हे छापताना चुकलंय."

"काय झालं, सर?"

"वजा नऊ लिहिलंय. वजा सोळा. वजा पंचवीस. तिन्ही चुकलेत. एक चुकलं तर समजू शकतो."

मी बघितलं. मला शाळेतलं काही आठवत नव्हतं, पण समोर संगणक होता. हिशेबाचा तक्ता उघडला, बरोबरचं चिन्ह, वजा, तीन, घाताचं चिन्ह, दोन असं टाइप केलं आणि बटण दाबलं. नऊ आलं.

"सर, नऊच आहे."

"बघ," ते म्हणाले, आणि कोटाची बटणं उघडून जरा वारा घेतला. "मला वाटलंच. संगणकाला काय कुणाची भीड."

तेवढ्यात शिए सर छत्री विसरली म्हणून परत आले. यू सरांनी त्यांना अडवलं आणि पान पुढे केलं. शिए सरांनी घड्याळ बघितलं, पान बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. "बरोबर आहे की, सर. वजा नऊच."

"संगणक नऊ म्हणतोय."

शिए सरांनी पिशवीतून स्वतःचं मोठं कॅल्क्युलेटर काढलं, तेच जसंच्या तसं दाबलं आणि आमच्यासमोर धरलं. वजा नऊ.

आम्ही तिघंही एकदा संगणकाकडे आणि एकदा कॅल्क्युलेटरकडे बघत राहिलो. दोन्ही यंत्रं, दोन्ही शाळेचीच म्हणायची, आणि प्रश्न एकच.

"आता?" यू सर म्हणाले.

"गणितात घात आधी करायचा, वजा नंतर लावायचं," शिए सर छत्री काखेत धरत म्हणाले. "घात फक्त तीनचा आहे. वजा तीनला कंसात घातलं असतं तर मग वजासकट घात, तेव्हा नऊ. संगणकाचा तो तक्ता वेगळं मानतो, त्याचं नका मनावर घेऊ."

"घात आधी हे कुणी ठरवलं?"

"ठरलेलंच आहे, सर."

"पण कुणी?"

"पुस्तकात आहे. सर, माझी बस," असं म्हणून ते पळालेच.

यू सर मात्र उठले नाहीत. मी चहा दिला, तो निवला. मग म्हणाले, "आ-हुई, अबॅकसवर वजा तीन असं काही नसतं. तीन मणी असतात किंवा नसतात. वजा म्हणजे काढून घेणं. हाताचं काम. हे लोक वजा तीन म्हणजे एक वस्तू आहे असं म्हणतात, मग म्हणतात की ती वस्तू नाही, कंस असेल तरच वस्तू." त्यांनी उत्तरांचं पान उलटं ठेवलं. "त्या मुलीने तीस ओळी लिहिल्या. चुकीच्या."

शनिवारी सकाळी न्याहारीला मी परतलेल्या तांदळाच्या वड्या घ्यायला गेले तर रांगेत मेइ-यिनकाकू.

"काय केलंय तुम्ही माझ्या म्हाताऱ्याला?" त्यांनी सुरुवातच अशी केली. "कालपासून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वजा तीन, वजा तीन लिहितोय. जेवताना मला विचारतो, मेइ-यिन, 'लाल घोड्याची शेपटी' म्हटलं तर लाल कोण, घोडा की शेपटी? मी म्हटलं, सूप गार होतंय."

"सर गाण्याला गेले नाहीत?"

"कुठला जातोय. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आहेत म्हणे. अगं, बायकोला एक प्रश्न विचारला की चार उत्तरं येतात, त्याला तो पन्नास वर्षं सरावलाय. ह्याला काय झालं?"

मी घरी पोचते न पोचते तोच सरांचा फोन. "त्या मुलीची गाडी कुठे लागते तुला माहीत आहे ना? माझ्याबरोबर चल. एकटा गेलो तर तिच्या आईला वाटेल पोरीने काहीतरी केलं."

मी गेले, तरी तसंच वाटलं. दुपारची गर्दी नुकतीच ओसरली होती. तुयेत मोठ्या पातेल्यातला फेस काढत होती. कोटातला म्हातारा माणूस आणि शाळेच्या कार्यालयातली बाई एकदम समोर बघितल्यावर तिने झारा खाली ठेवला आणि हात पुसले.

"काय केलं हिने?"

"काही नाही, ताई," मी म्हटलं. "हे यू सर. आठव्या तासाचे."

"नापास होणार का?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले आणि चक्क वाकले. "मी तिचं बरोबर उत्तर चूक ठरवलं. तिच्याकडून चुकीचं तीस वेळा लिहून घेतलं. माफी मागायला आलोय."

तुयेत माझ्याकडे बघायला लागली. आपल्याला या भाषेतलं काही नीट समजलं नाही असं तिला वाटत असावं, कारण तिने हळूच विचारलं, "सर माफी मागतायत? माझी?"

"तुमच्या मुलीची."

"का?"

मी पुन्हा सांगितलं. तिला ते पटेना. तिने मागे वळून हाक मारली आणि बेसिनपाशी वाट्या धूत असलेली फिन-शुआन ओल्या हातांनीच बाहेर आली. सरांनी तिलाही वाकून तेच सांगितलं. ती लाल झाली. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पायांकडे.

"सर, पण मला येत नव्हतं," ती म्हणाली.

"येत होतं. तुझं उत्तर पुस्तकाशी जुळतं."

"जुळलं असेल. पण मला वाटलं वजा आहे तर ते तसंच राहतं. खाली उतरवून घेतलं नुसतं. कंस असता तरी मी तेच लिहिलं असतं."

सरांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचा हात पुसायचा कागद ओढला आणि त्यावर कंस करून आत वजा तीन, बाहेर बारीक दोन लिहिलं. तिने जरा विचार केला आणि वजा नऊ लिहिलं.

हे मात्र चूक होतं. निदान आता तरी सरांना खात्री होती की हे चूक आहे. कॅल्क्युलेटर, संगणक, पुस्तक, सगळ्यांच्या मते चूक.

"म्हणजे," तुयेत म्हणाली, ती आता पुढे येऊन कागदावर वाकली होती, "हिचं बरोबर होतं की चूक?"

सर कागद उलटसुलट करून बघायला लागले. मी पण विचार करत राहिले. उत्तर बरोबर होतं. कारण चूक होतं. सरांनी चूक ठरवलं ते चूक होतं, पण मुलीला येत नाही हे बरोबरच होतं. मग ती माफी नेमकी कशाची झाली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"दोन्ही," सर शेवटी म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

"बसा," तुयेत म्हणाली. आमच्यापुढे सूपच्या दोन वाट्या आल्या, त्यात तुळशीसारख्या वासाची पानं आणि लिंबाची फोड. आम्ही खाल्लं. खाता खाता सरांनी कागदाच्या दुसऱ्या बाजूला दोन्ही उदाहरणं लांबवून लिहिली. कंस नसलेल्यात: वजा, आणि मग तीन गुणिले तीन. कंस असलेल्यात: वजा तीन गुणिले वजा तीन.

फिन-शुआन बघत राहिली. "मग पहिल्यात वजाचं चिन्ह कुणाचं? तीनचं नाही?"

"ते सगळ्या गुणाकाराचं. असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"ते मलाही कळलेलं नाही," सर म्हणाले.

तिने ओला अंगठा कपड्याला पुसला आणि वजाच्या चिन्हावर ठेवला. उरलं तीन आणि वरचा बारीक दोन. "नऊ," ती म्हणाली. मग अंगठा उचलला. "वजा नऊ." कंसवाल्या उदाहरणावरही तिने अंगठा नेला, पण चिन्ह कंसाच्या आत होतं. ती थांबली. "इथे झाकलं तर कंस अर्धाच उरतो."

"झाकायचं नाही तिथे."

"मग दोन वजा. म्हणजे अधिक नऊ?"

"हो."

"पण मग मगाशी मी वजा नऊ लिहिलं ते," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पुन्हा पडला, कारण हे कळल्यावर तिला आधीचं सगळंच अनोळखी वाटायला लागलं. सरांनी तिला आणखी चार उदाहरणं दिली. दोन बरोबर, दोन चूक. पाचवं लिहायच्या आत गिऱ्हाईक आलं म्हणून तुयेतने टेबल रिकामं करायला सांगितलं.

परत येताना सर म्हणाले, "मी तिला काही शिकवलं का गं?"

"शिकवलंत की, सर."

"मला तसं वाटत नाही. अंगठा तिचाच होता."

सोमवारी त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. मी खिडकीतून ऐकत होते. त्या दिवशी मी काम करत होते असं म्हणवत नाही. सर म्हणाले की पाचव्या पानावरची पहिली तीन उत्तरं त्यांनी चुकीची शिकवली, फिन-शुआनची बरोबर होती, बाकीच्यांनी दुरुस्त करावीत.

खोलीत गडबड उडाली.

"म्हणजे माझे तीन बरोबर होते ते गेले?" कुआन-लिनने विचारलं.

"गेले."

"पण शुक्रवारपर्यंत बरोबर होते ना?"

"शुक्रवारीही चूकच होते. आपल्याला माहीत नव्हतं."

"तुम्हाला सुद्धा?"

"मला सुद्धा."

"पण सर, तुम्हाला तर सातचा पाचवा घात तोंडी येतो."

"तो येतो," सर म्हणाले. "तो सोपा आहे."

हे मुलांच्या डोक्यात बसेना. सोळा हजार आठशे सात सोपं आणि वजा तीनचा वर्ग अवघड, असं कसं असेल? एका मुलीने विचारलं की मग परीक्षेत काय लिहायचं, आणि सरांनी सांगितलं की वजा नऊ. पुढच्या बाकावरच्या एकाने विचारलं की नक्की ना, म्हणजे पुढच्या सोमवारी परत बदलणार नाही ना. सर म्हणाले की ते शिए सरांना विचारून सांगतील. मग फिन-शुआनला पुढे बोलावून तो अंगठा दाखवायला सांगितला. ती फळ्यापाशी उभी राहिली, अंगठा चिन्हावर ठेवला, आणि एवढ्या हळू आवाजात बोलली की मला खिडकीतून काहीच ऐकू आलं नाही. पण नंतर सातही मुलं अंगठे कागदावर टेकवून बसलेली दिसली.

त्यापुढच्या आठवड्यात शून्य घात आला. कुठल्याही आकड्याच्या डोक्यावर शून्य बसलं की उत्तर एक. कुआन-लिनने लगेच विचारलं, "सर, तुम्हीच म्हणालात ना, वरचा आकडा मोजायला येतो. पाच शून्य वेळा लिहायचा. म्हणजे लिहायचाच नाही. मग कागद कोरा. एक कुठून आला?"

या खेपेला सरांनी फळ्याकडे पाठ केली, मुलांकडे तोंड केलं आणि सांगितलं, "मला कळलेलं नाही. आपण बघू." आणि त्यांनी पाचचा तिसरा, दुसरा, पहिला घात खालीखाली लिहिला: एकशे पंचवीस, पंचवीस, पाच. शेवटच्या बाकावरून फिन-शुआन म्हणाली, "दर वेळी पाचाने भागलं जातंय. पुढे एक येईल."

"येतोय," सर म्हणाले. त्यांनी पाचच्या खाली एक लिहिला. "येतोय हे दिसतंय. पण कोऱ्या कागदावर एक कुठून आला, हे त्याचं म्हणणंही खरं आहे."

"मग काय लिहू?" कुआन-लिन.

"एक लिही. आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढ. परीक्षेत मात्र प्रश्नचिन्ह काढू नकोस."

नोव्हेंबरच्या शेवटी सत्र परीक्षा झाली. सातांपैकी चार मुलांनी वजाची उदाहरणं बरोबर सोडवली. कुआन-लिन त्यात नव्हता; त्याने सगळीकडे अंगठा ठेवला होता, कंसावर सुद्धा. फिन-शुआनला शंभरपैकी छप्पन्न मिळाले. आधीच्या परीक्षेत एकतीस होते. तुयेत शाळेत आली, माझ्याकडे केळीच्या पानात बांधलेला चिकट भात देऊन गेली आणि म्हणाली, "सरांना द्या. आणि विचारा, छप्पन्न म्हणजे चांगलं की वाईट. ती हसत पण नाही, रडत पण नाही."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मी पण तसाच बसलोय."

त्यांनी माझ्याकडून कोरी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून पंचेचाळीस मिनिटांत सोडवली. मी तपासली. एक चुकलं. वजा एकच्या डोक्यावर शंभर, कंस नसलेलं. त्यांनी एक लिहिलं होतं, हवं होतं वजा एक. शंभर वेळा गुणायच्या नादात ते चिन्ह झाकायला विसरले होते. ते त्या लाल रेघेकडे बघत राहिले. चाळीस मुलांना नुसत्या नजरेने उभं करणारे सर ते.

"किती वर्षं झाली मला लाल रेघ बघून," ते म्हणाले. रागाने नाही. आश्चर्याने म्हणाले असावेत, मला नक्की कळलं नाही.

फेब्रुवारीत लाइ बाई रजेवरून परत आल्या. मुख्याध्यापिकांनी सरांचे आभार मानले, छोटासा कार्यक्रम केला, मुलांनी सह्या केलेलं एक कार्ड दिलं. आता यायची गरज नाही, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण सगळ्यांना ते समजलं होतं. सरांना सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाइ बाईंच्या वर्गाबाहेर उभे होते, कोट घालून, हातात नवीन वही.

"बाई, मला मागे बसता येईल का?"

"बघायला, सर? मी कसं शिकवते ते?"

"नाही. शिकायला. माझं सातवीचं बरंच राहून गेलंय असं दिसतंय."

लाइ बाई बावरल्या. त्यांनी मला येऊन विचारलं की असं चालतं का. मी मुख्याध्यापिकांना विचारलं. त्यांनी नियमांची फाइल उघडली, बंद केली आणि म्हणाल्या की एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सातवीत बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण बसावं असंही लिहिलेलं नाही. शेवटी मी त्यांचं नाव स्वयंसेवकांच्या यादीत घातलं आणि कामाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्यामुळे तो मोकळा सोडला.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा सर शेवटच्या बाकावर फिन-शुआनच्या शेजारी बसतात. मेइ-यिनकाकूंना वाटतं की ते शिकवायला जातात. मुलांना वाटतं की ते त्यांच्यावर लक्ष ठेवायला येतात. परवा मी सूचनांची वही घेऊन त्या वर्गात गेले होते. लाइ बाई फळ्यावर घातांकांची बेरीज समजावत होत्या, दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, आणि फिन-शुआन कुजबुजत सरांना सांगत होती, "नाही सर, वरचे आकडे गुणायचे नाहीत. तीन अधिक चार."

"पण खाली गुणाकार आहे ना?"

"हो."

"मग वर बेरीज का?"

तिने वहीचं पान त्यांच्याकडे सरकवलं आणि दोन, दोन, दोन असं एकामागून एक लिहायला लागली.